तिच्या आवडीची गाणी आणि आपली श्रद्धांजली

गेल्या काही आठवड्यांत ‘गाणे आणि आपण’ या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत. घरातली किंवा मैत्रीतली एखादी तरुण मुलगी गेली, तिला गाण्यांचे वेड होते, आणि आता त्या गाण्यांचे काय करायचे, हा प्रश्न चौघांनी आपापल्या परीने विचारला आहे. म्हणून या अंकात दुसरे कोणतेही पत्र घेतलेले नाही. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी भाची एकोणिसाव्या वर्षी आजारपणात गेली. पुढच्या महिन्यात तिचे वर्षश्राद्ध आहे. ती गात नव्हती, कोणते वाद्यही वाजवत नव्हती, फक्त ऐकत असे. पण दिवसभर ऐकत असे. शाळेत असताना ‘सैराट’ची गाणी, टाळेबंदीत बीटीएस हा कोरियन गायकांचा गट, कॉलेजात गेल्यावर अरिजित सिंग, आणि आजीजवळ बसली की आशाबाईंचे ‘जिवलगा, राहिले रे दूर घर माझे’. त्या दिवशी संध्याकाळी हीच गाणी लावावीत, अशी माझ्या ताईची इच्छा आहे. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की अशा दिवशी अभंगच शोभतात आणि ‘झिंगाट’ लावले तर लोक नावे ठेवतील. भजनी मंडळाला सांगूनही झाले आहे. मधला मार्ग कोणता? (एक मावशी, सांगली)

उत्तर : मधला मार्ग काढू नका, असे मी सुचवीन. दोन्ही गोष्टी करा, पण एकाच बैठकीत नको. सकाळी विधी होतील, त्यानंतर भजनी मंडळाचे अभंग होऊ द्यात, आणि त्यात कोणी काटछाट करू नये. संध्याकाळ मात्र पूर्णपणे तिच्या गाण्यांची असावी. दोन्हींची सरमिसळ केली की काय होते, हे अशा अनेक कार्यक्रमांत पाहायला मिळते : दोन अभंगांच्या मध्ये मुलीच्या आवडीचे एखादे गाणे, तेही हलक्या आवाजात आणि एकच कडवे, जणू तिच्या वतीने माफी मागून लावलेले. त्यापेक्षा न लावलेले बरे.

अभंगांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. मागे राहिलेल्या माणसांना त्यांचा आधार असतो, आणि तो खरा असतो. गीतरामायण १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. त्यात वडिलांच्या निधनाने खचलेल्या भरताला राम ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ हे गीत सांगतो, आणि मराठी घरांनी ते गीत आपल्याही दुःखात हक्काने वापरले आहे. तुमच्या घरातल्या आजोबांना त्या गीताने धीर मिळत असेल तर तो त्यांना मिळालाच पाहिजे. मात्र त्या गीतातून आपल्याला आपले सांत्वन ऐकू येते. तुमची भाची त्यात नाही. ती ज्या गाण्यांत आहे ती वेगळी आहेत.

आता ‘शोभते’ याविषयी. पुण्यतिथीला गाणे करण्याची महाराष्ट्राची रीत जुनी आहे आणि ती नेमकी तुमच्या ताईंच्या बाजूची आहे. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. १९५३ मध्ये त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला पुण्यात गाणे झाले आणि भीमसेन जोशी यांनी ते पुढे वाढवत नेऊन आजचा महोत्सव उभा केला. त्या मंचावर रात्ररात्र ख्याल झाले, ठुमऱ्या झाल्या, तबल्याचे आणि सतारीचे स्वतंत्र वादन झाले. पुण्यतिथी आहे म्हणून सर्वांनी निर्गुणी भजनेच गावीत, असे तिथे कोणी सुचवले नाही, कारण ज्याची आठवण काढायची त्याचे जगणे ज्या गाण्यात होते तेच गाणे वाजले पाहिजे, हे सर्वांना उघड होते. दरवर्षी २४ एप्रिलला मास्टर दीनानाथांचे स्मरण होते तेव्हा नाट्यपदे म्हटली जातात, आणि त्यांतली कित्येक पदे वीररसाची असतात.

मग हाच न्याय एका श्रोत्या मुलीला लावायला आपण का कचरतो? मला याचे कारण असे दिसते की तिची आवड आपण कच्ची समजतो. ती मोठी झाली असती तर चांगले ऐकू लागली असती, आज जे ऐकत होती ते वयाचे खूळ होते, असा एक हिशेब आपल्या मनात चालू असतो, आणि श्रद्धांजली वाहताना आपण तिच्या वतीने तिची आवड सुधारून टाकतो. परंतु ती पुढची आवड कधी तयार झालीच नाही. जी होती ती संपूर्ण होती. तिच्या हातून निवडली गेलेली गाणी तेवढीच आहेत आणि त्यांत सुधारणा करण्याचा अधिकार कोणालाही नाही, अगदी जन्मदात्यांनाही नाही.

या संदर्भात एक घटना घरातल्या मोठ्यांना सांगून पाहा. २२ मे २०१७ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आरियाना ग्रांडे या गायिकेचा कार्यक्रम संपून लोक बाहेर पडत असताना बाँबस्फोट झाला आणि २२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कार्यक्रमाला आलेल्या लहान वयाच्या मुली होत्या, आणि मुलांना न्यायला आलेले पालकही होते. दोन आठवड्यांच्या आत, ४ जून रोजी, त्याच शहरातील ओल्ड ट्रॅफर्ड क्रिकेट मैदानावर गायिकेने मदतनिधीसाठी मोठा कार्यक्रम केला. तिने आधी बेतलेला कार्यक्रम वेगळा होता. कार्यक्रमाच्या काही दिवस आधी तिची मृत मुलींपैकी एकीच्या आईशी भेट झाली, आणि त्या माउलीने सांगितले की माझ्या मुलीला तुझी गाजलेली गाणीच ऐकायला आवडली असती. गायिकेने कार्यक्रम बदलला आणि मंचावरून ही गोष्ट प्रेक्षकांना सांगितली. हजारो मुले त्या संध्याकाळी रडली आणि नाचलीही. तिथे कोणी नावे ठेवल्याचे ऐकिवात नाही. आणि ठेवली असती तरी त्या आईच्या शब्दापुढे ती किती टिकली असती?

तुमच्या ताईही तेच सांगत आहेत, फक्त त्यांच्यासमोर मैदान नाही, घरातली बैठक आहे.

संध्याकाळ कशी बांधावी, हे विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण अशा बैठका बहुधा तपशिलात फसतात. गाणी आठ ते दहा पुरेत आणि ती पूर्ण वाजवावीत. निवड एकट्या आईने करू नये. मुलीची आवड वेगवेगळ्या माणसांकडे तुकड्यातुकड्याने असते : आजीला एक गाणे ठाऊक असते, शाळेतल्या मैत्रिणीला दुसरे, बसमध्ये शेजारी बसून एकेक इअरफोन वाटून घेणाऱ्या मावसभावाला तिसरेच. या सगळ्यांना एकेक गाणे आणायला सांगा, आणि ते कुठे, कसे ऐकले होते, एवढेच दोन-तीन वाक्यांत बोलायला सांगा. कवितेचे रसग्रहण नको, मुलीच्या गुणांचे वर्णनही नको. ‘हे गाणे लागले की ती रिक्षावाल्याला आवाज वाढवायला सांगायची’ या वाक्यात तिचे जेवढे दर्शन होते, तेवढे ‘ती अत्यंत मनमिळाऊ होती’ यात होत नाही.

क्रम काळाचा ठेवा. ‘सैराट’ २०१६ चा, म्हणजे ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची असणार. बीटीएसचे ‘डायनामाइट’ ऑगस्ट २०२० मध्ये आले, तेव्हा शाळा बंद होत्या आणि तिच्या वयाची मुले घरात फोनपुढे अडकलेली होती. या क्रमाने ऐकले की तासाभरात एक मुलगी मोठी होताना ऐकू येते. आजीजवळचे ‘जिवलगा’ नेमके कुठे बसवायचे, हे आजींनाच ठरवू द्या. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथांची चाल आणि आशाबाईंचा स्वर असे हे गाणे वडीलधाऱ्यांना आक्षेपार्ह वाटणार नाही. त्यांना एवढेच सांगा की ते तुमच्या नव्हे, तिच्या यादीतून आले आहे.

कोरियन गाणे कोणाला कळणार, असा प्रश्न येईलच. ख्यालाच्या बंदिशीतले ब्रज शब्द आपल्यापैकी किती जणांना कळतात, हे त्यावर शांतपणे विचारावे. तिच्या यादीत बीटीएसचे ‘स्प्रिंग डे’ असेल तर अवश्य लावा. २०१७ चे हे गाणे दूर गेलेल्या मित्राची वाट पाहणारे आहे, आणि कोरियात अनेक जण ते १६ एप्रिल २०१४ च्या सेवोल जहाज दुर्घटनेशी जोडतात. त्या दुर्घटनेत ३०४ माणसे गेली होती आणि त्यांतली बहुसंख्य एकाच शाळेची सहलीला निघालेली मुले होती. एवढे दोन वाक्यांत सांगितले की पुढची चार मिनिटे भाषेची अडचण उरत नाही.

राहिले ‘झिंगाट’. ते लावा. ‘याड लागलं’ लावून ‘झिंगाट’ गाळणे म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीची प्रौढ आवृत्ती तयार करणे होय. नाचण्याचा आग्रह कोणालाही करू नये, पण लहान मुले उठून नाचू लागली तर त्यांना खाली बसवू नये. एक व्यावहारिक सूचना अशी की अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी अमेरिकेत, लॉस एंजेलिसमध्ये, पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता, आणि तो फोनच्या स्पीकरवर निम्माही ऐकू येत नाही. शेजारच्यांकडून का होईना, पण चांगले स्पीकर आणा.

आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. अशा वेळी घरातली माणसे मुलीच्या यादीतली उदास गाणी काढून त्यांत सूचना शोधू लागतात : शेवटच्या महिन्यात ती हेच का ऐकत होती, तिला कळले होते का? असे करू नका. अठरा-एकोणीस वर्षांची मुले उदास गाणी मोठ्या आवडीने ऐकतात, त्यांत त्यांना सुख असते, आणि ज्या विरहाचा त्यांना अनुभव नाही त्याची चव ती गाण्यातून घेऊन पाहतात. अरिजित सिंगची निम्मी लोकप्रियता याच श्रोत्यांची आहे. तिचे उदास गाणे हे तिच्या आनंदाचाच भाग होते, असे धरून चाला.

प्रश्न : माझी मुलगी जाऊन पाच महिने झाले. तिचा फोन माझ्याकडे आहे आणि त्याचे कुलूप मला उघडता येते. तिच्या शेकडो गाण्यांच्या याद्या एका ॲपवर आहेत. दरमहा पैसे भरणे बंद केले तर त्या जातील का? आणि काय काय जपून ठेवावे? (एक वडील, नाशिक)

उत्तर : बाकी सर्व बाबतींत तुम्ही सवडीने निर्णय घेऊ शकता, पण या एका बाबतीत घाई करा.

सर्वांत आधी गाण्यांकडे नव्हे, तिच्या आवाजाकडे पाहा. मुले व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवतात आणि त्यांत पुष्कळदा गुणगुणतात, मैत्रिणीला चाल म्हणून दाखवतात. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या फोल्डरात या ध्वनिफितींचा वेगळा कप्पा असतो. तो संपूर्ण कप्पा संगणकावर उतरवून घ्या. तिच्या मैत्रिणींनाही त्यांच्याकडे आलेले तिचे निरोप पाठवायला सांगा. व्हॉट्सॲपचे खाते सलग १२० दिवस वापरात नसेल तर सामान्यतः काढून टाकले जाते, आणि रिचार्ज बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. तेव्हा सिमकार्डाचे रिचार्ज तूर्त चालू ठेवा. गूगलचे खाते दोन वर्षे निष्क्रिय राहिले तर तेही पुसले जाऊ शकते. छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे बहुधा तिथेच असतात.

आता याद्या. पैसे भरणे थांबवले म्हणून स्पॉटिफायसारख्या ॲपवरील यादी पुसली जात नाही. खाते विनाशुल्क प्रकारात जाते, यादी दिसत राहते आणि जाहिरातींसह ऐकता येते. जाते ते ‘डाउनलोड’ केलेले. तिने फोनमध्ये उतरवून घेतलेली गाणी ही तिच्या मालकीच्या फाइली नव्हेत. ती कुलूपबंद प्रत असते आणि वर्गणी संपली की ती वाजत नाही. गाणी उतरवली आहेत म्हणून निश्चिंत असणारे अनेक पालक इथे फसतात.

यादीवरही पूर्ण भरवसा ठेवू नये. ॲप आणि ध्वनिमुद्रिका कंपनी यांच्यातला करार संपला की गाणी एका रात्रीत दिसेनाशी होतात. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून अशीच उतरली होती, आणि ‘सैराट’चे संगीत याच कंपनीचे आहे. म्हणून जुन्या पद्धतीचा उपाय करा : एक वही घ्या आणि प्रत्येक यादीचे तिने दिलेले नाव, त्यातील गाण्यांची नावे, गायक, चित्रपट किंवा अल्बम हे सर्व क्रमाने लिहून काढा. तिने यादीला दिलेले नाव विचित्र वाटले तरी जसेच्या तसे लिहा, स्पेलिंग चुकलेले असले तरीही. हे काम तिच्या भावंडांबरोबर बसून करावे, कारण कोणत्या गाण्यामागे काय होते, हे लिहिता लिहिताच बाहेर येते. जी गाणी विकत मिळतात ती फाइलच्या किंवा सीडीच्या रूपात विकत घेऊन ठेवा.

स्पॉटिफायकडून खात्याची माहितीही मागवता येते. खात्याच्या गोपनीयतेच्या पानावर अर्ज केला की याद्या आणि गेल्या वर्षाचा ऐकण्याचा इतिहास काही दिवसांत मिळतो. खाते उघडल्यापासूनचा संपूर्ण इतिहास वेगळा मागावा लागतो आणि त्याला तीस दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. अर्ज पक्का करण्यासाठी तिच्या ईमेलवर आलेल्या दुव्यावर टिचकी मारावी लागते, म्हणून तिची ईमेल उघडत आहे तोवरच हे करा. स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आले, त्यामुळे तिचा इतिहास फार तर तेवढा मागे जाईल. त्या इतिहासात कोणते गाणे कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ ऐकले, याची नोंद असते.

इथे मला तुम्हाला थोडे अडवायचे आहे. ही नोंद मागवून ठेवा, पण लगेच वाचू नका, आणि वाचलीच तर सगळी वाचू नका. रात्री दोन वाजता ती काय ऐकत होती, हे तिने कोणाला सांगण्यासाठी ऐकलेले नव्हते. मुलीची रोजनिशी हाती लागली तर आपण जो संकोच बाळगू, तोच इथेही बाळगावा. तिने नाव देऊन, क्रम लावून तयार केलेल्या याद्या मात्र वेगळ्या आहेत. त्या तिने जाणीवपूर्वक रचल्या, त्यांवर तिची सही आहे, आणि त्या निःसंकोच ऐकाव्यात.

प्रश्न : आमच्या संकुलातील एका मुलीच्या स्मृत्यर्थ आम्ही सभागृहात तिच्या आवडत्या गाण्यांचा विनामूल्य कार्यक्रम करणार आहोत. आमचा हौशी कराओके गट आहे. गाणी आम्ही म्हणावीत की मूळ ध्वनिमुद्रणे लावावीत? परवानगी लागते का? चित्रफीत यूट्यूबवर टाकता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कराओके गटांविषयी मला आदर आहे, निवृत्तीनंतर घरी बसण्यापेक्षा माणसे गात आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. तरीही इथे माझे मत मूळ ध्वनिमुद्रणांच्या बाजूने आहे. ती मुलगी ‘आताच बया का बावरलं’ या चालीवर नव्हे, तर श्रेया घोषाल यांनी ते ज्या लाडिक थांब्यांनी म्हटले त्यावर प्रेम करत होती. आजच्या श्रोत्याची आवड ध्वनिमुद्रणाशी जोडलेली असते. मधला श्वास, ढोलकीचा तुकडा, शेवटचा विरत जाणारा कोरस, हे सर्व तिला पाठ असते. तिच्या मैत्रिणींनाही ते पाठ आहे आणि त्यांचे कान तेच शोधतील. तुमच्या गटाने एक-दोन गाणी जरूर म्हणावीत, पण ती तिच्याबरोबर कधी तरी म्हटलेली असावीत, म्हणजे गणपतीत किंवा कोजागरीला. गटातील कोणाला आपली वरची पट्टी दाखवायची आहे म्हणून गाणे निवडले जाऊ नये, हे मला स्पष्ट लिहिलेले बरे वाटते.

परवानगीचे असे आहे. घरात, आपल्या माणसांत गाणी लावायला कोणाची परवानगी लागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५२ वे कलम हौशी मंडळाला विनामूल्य श्रोत्यांसमोर गाणी सादर करण्याची मोकळीक देते. सभागृहात मूळ ध्वनिमुद्रण वाजवणे हा मात्र वेगळा प्रकार आहे. तिथे सभागृहाचे व्यवस्थापक पीपीएलचा, म्हणजे ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थेचा, परवाना मागू शकतात, आणि शब्द व संगीत यांच्या हक्कांसाठी आयपीआरएस ही संस्था आहे. कार्यक्रमाच्या दिवशी दारात वाद होऊ नये, म्हणून व्यवस्थापकांना आधीच लेखी विचारून घ्यावे.

यूट्यूबवर मूळ गाण्यांसह चित्रफीत टाकली तर तिथली स्वयंचलित यंत्रणा गाणे ओळखते, आणि मग हक्कधारक ती चित्रफीत रोखू शकतो किंवा तिच्यावर जाहिराती लावू शकतो. मुलीच्या आठवणींच्या मधोमध जाहिरात येणे कोणालाही नको असेल. परदेशातील नातेवाइकांसाठी बोलण्याचा भाग तेवढा वेगळा मुद्रित करा आणि गाण्यांची यादी सोबत पाठवा. ते आपापल्या घरी ती गाणी लावतील.

प्रश्न : माझी सर्वांत जवळची मैत्रीण गेल्या वर्षी गेली. आमची दोघींची मिळून एक प्लेलिस्ट होती, दोघीही त्यात गाणी घालायचो. आता ती लावली की मला दोन गाण्यांच्या पुढे जाता येत नाही, आणि नाही लावली तर तिला विसरत असल्यासारखे वाटते. शिवाय या वर्षी आलेली काही गाणी तिला नक्की आवडली असती. ती त्यात घालावीत का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : दोन गाण्यांनंतर थांबावेसे वाटले तर थांबावे. पूर्ण यादी ऐकली म्हणजेच आठवण काढली, असे काही नाही. काही महिने ती यादी अजिबात लावली नाही तरी बिघडत नाही. एक करून पाहता येईल : ती एकटीने हेडफोन घालून ऐकू नका. तुम्ही दोघी जिच्याबरोबर कॉलेजला जात होता अशा तिसऱ्या कोणाबरोबर, चालताना किंवा गाडीतून जाताना लावा. मँचेस्टरमध्ये स्फोटानंतर तीन दिवसांनी सेंट ॲन चौकात जमलेली माणसे स्तब्धता पाळून उभी होती. ती संपल्यावर गर्दीतल्या एका बाईने ओएसिस या त्याच शहरातल्या बँडचे ‘डोन्ट लुक बॅक इन अँगर’ म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळा चौक ते म्हणू लागला. एकटीला जे गाणे पुढे नेता येत नाही, ते दुसऱ्या कोणी सोबत असेल तर पुष्कळदा पार पडते. तरीही ऐकवले नाही तर बंद करा. आणि गाण्यांशी संबंध नसतानाही दिवसच्या दिवस असे जात असतील, झोप आणि जेवण बिघडले असेल, तर घरातल्या मोठ्यांशी आणि कॉलेजातील समुपदेशकांशी मोकळेपणाने बोला. त्यात कमीपणा नाही.

नव्या गाण्यांविषयी माझे मत ठाम आहे. त्या यादीत एकही गाणे वाढवू नका, आणि तुमचे जुने एखादे आता नकोसे वाटले तरी काढू नका. ती यादी तुम्ही दोघींनी आळीपाळीने रचली. कोणी कोणानंतर काय घातले, यात तुमचे बोलणे चालू होते. त्यात आता एकट्याच्या हाताने भर पडू लागली तर काही वर्षांनी तिची गाणी तुमच्या गाण्यांखाली शोधावी लागतील. ‘तिला आवडले असते’ अशा गाण्यांची दुसरी यादी करा. ती संपूर्णपणे तुमची असेल, त्यात चुका होतील, एखादे गाणे तिने ऐकून नाक मुरडले असते असेही होईल, आणि तसे झाले तर त्यावर तिच्याशी मनातल्या मनात भांडायलाही हरकत नाही.

एक तांत्रिक काळजी घ्या. सामायिक यादी ज्या खात्यावर तयार झाली त्याच्या मालकीची असते. ती तुमच्या मैत्रिणीच्या खात्यावर असेल आणि तिच्या घरच्यांनी ते खाते बंद केले, तर यादी तुमच्याकडूनही जाऊ शकते. म्हणून सर्व गाणी त्याच क्रमाने स्वतःच्या खात्यावरील नव्या यादीत उतरवून घ्या, आणि कोणते गाणे कोणी घातले हे दाखवणाऱ्या पानांची छायाचित्रे काढून ठेवा, कारण नव्या यादीत सगळी गाणी तुमच्याच नावावर दिसतील. त्यानंतर मूळ यादीत आणखी कोणाला बदल करण्याची मुभा दिलेली असेल, तर ती काढून घेता येते का, हे तिच्या घरच्यांना विचारा.